अप-डाऊनची गाडी

सोयाबीनची पट्टी हातात पडली, की नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव, तामसा, निवघा भागात घरोघरी गाडीचा विषय निघतो. मोठी गाडी सगळ्यांनाच आवडते. पण कर्जाचा हप्ता, रोजचं पेट्रोल आणि घरापुढची जागा यांचा मेळ घालायला बसलं, की बोलणं छोट्या गाडीवर येऊन थांबतं. आमच्या ओळखीपाळखीत शेवटी उरतात त्या दोन: मारुतीची वॅगनार आणि टाटाची टियागो. मीही या दोघींतूनच एक निवडली. त्यानंतर शाळेतले सहकारी, भावकीतले, सोयरेधायरे असे कितीतरी जण विचारायला आले आणि एक गोष्ट मनात पक्की होत गेली. माणसं ज्या आकड्यांवरून गाडी ठरवतात ते आकडे वापरताना फारसे आडवे येत नाहीत. जे रोज आडवं येतं ते शोरूममध्ये कोणी विचारतच नाही.

मी शिक्षक. राहायला हदगावात, शाळा आतल्या गावात, रोजचं अप-डाऊन. जाताना आधी महामार्ग लागतो, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत बुटीबोरीला जाणारा ३६१ नंबरचा. मग फाटा येतो आणि रस्ता काळ्या रानात शिरतो. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि तिच्या अंगावर टाकलेलं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं. चांगल्या रस्त्याला दोन पावसाळ्यांत लाटा येतात. साईडपट्टी खचून डांबराची कड वीतभर उघडी पडते. समोरून उसाची ट्रॉली आली, की एक चाक खाली उतरवावंच लागतं, आणि पुन्हा वर चढताना गाडीचं पोट त्या कडेला घासतं. एकाच सकाळी गाडीने चौपदरी महामार्गावरचा वेगही सोसायचा आणि ही तुटकी कडही. छोटी गाडी निवडताना आमच्या भागातला खरा पेच हाच आहे. जो फक्त शहरात चालवतो त्याला तो पडत नाही.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा खर्च मी तिथे होताना पाहिलाय. माझ्या मेव्हण्याने गाडी घेतली तेव्हा घरात ग्राउंड क्लिअरन्सवर फार वेळ बोलणं झालं होतं. टियागोचा आकडा १७० मिलिमीटर, वॅगनारचा १६५. पाच मिलिमीटरवरून दोन तट पडले होते. त्याने शेवटी कोणती घेतली हे इथे महत्त्वाचं नाही, कारण पुढे जे झालं ते दोन्हींत झालं असतं. पहिल्याच पावसाळ्यात रात्री परत येताना नाल्याच्या बुटक्या पुलावरून पाणी चाललं होतं. पुढचा ट्रॅक्टर पार गेला, म्हणून यानेही गाडी घातली. मधोमध इंजिन बंद पडलं. घाबरून त्याने चावी फिरवली, पुन्हा फिरवली, गाडी घुरघुरली आणि कायमची गप्प झाली. गावातल्या पोरांनी ढकलत बाहेर काढली. रात्री फोन आला, "दाजी, पाणी तर गुडघ्याच्या खालीच होतं हो."

गुडघ्याच्या खालचं पाणीही गाडी पुढे रेटली की बंपरवर चढतं आणि इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळीपर्यंत पोचतं. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबत असतो. हवा दबते, पाणी दबत नाही. बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला, की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजमध्ये तो रॉड मी हातात घेऊन पाहिला. चांगलं ठोस पोलाद, वरवर पाहिलं तर काही झालंय असं वाटणार नाही. पण सपाट फरशीवर ठेवला की डुलत होता. एवढ्याशा वाकड्यापायी अख्खं इंजिन उघडावं लागलं. विम्यातून सीट, मॅट, वायरिंगचे पैसे मिळाले, इंजिनचे मिळाले नाहीत. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला गेल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' ही जोड वेगळी घ्यावी लागते, आणि ती घेतली तरी तिच्या अटी वाचाव्या लागतात.

२०२५ चा पावसाळा मराठवाड्याने कसा सोसला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पैनगंगा आणि कयाधूच्या काठी राहणाऱ्यांना तर पुलावरचं पाणी नवं नाही. म्हणून गाडी कोणतीही घ्या, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला आधी सांगा: पुलाची कड दिसत नसेल तर गाडी घालायची नाही. ट्रॅक्टर गेला हा पुरावा नाही, त्याची हवा ओढायची नळी बॉनेटच्या वर असते. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच तर चावीला हात लावायचा नाही. ढकलून कोरड्यावर आणायची, तिथून ओढून गॅरेजला न्यायची. गाडी जितकी नवी तितकी घाई जास्त होते, कारण नव्या गाडीला काही होणार नाही असा विश्वास असतो.

आता त्या पाच मिलिमीटरचं. कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स अनेकदा रिकाम्या गाडीचा असतो, आणि रिकामी गाडी आपल्याकडे चालते कधी? लग्नाला निघालो की पाच जण, डिक्कीत आहेराच्या पिशव्या, पायाशी फराळाचा डबा. मी शोरूममध्ये जाताना सुताराचा टेप बरोबर नेला होता. दारांच्या खालच्या पट्टीपासून फरशीपर्यंतचं अंतर आधी रिकाम्या गाडीचं मोजलं, मग आम्ही घरचे चौघं आणि शोरूमचा मुलगा असे पाच जण बसलो आणि बाहेर उभ्या असलेल्या भावाने पुन्हा मोजलं. दोन्ही गाड्या इतक्या खाली बसल्या, की त्यांच्यातला मूळचा फरक त्यात कुठल्या कुठे गेला. मागे तीन मोठी माणसं बसल्यावर कोणत्या गाडीचं पोट लागतं ते तिथे कळलं, आणि उत्तर असं मिळालं की दोन्हींचं लागणार. उंच गतिरोधकावर तिरकी घेऊनच काढावी लागणार. ज्याचा रस्ता वर्षभर असाच आहे आणि महामार्गाशी संबंध कमी, त्याने या दोघींचा हट्ट सोडून मारुतीची इग्निस किंवा रेनोची क्विड पाहावी. त्या १८० मिलिमीटर आणि त्याच्या वरच्या आहेत. पाच मिलिमीटरसाठी भांडण करू नये, पंधरा-वीससाठी जरूर विचार करावा.

बसण्या-उतरण्याचा विषय शोरूममध्ये सगळ्यात हलक्यात घेतला जातो, आणि घरात सगळ्यात जास्त दिवस तोच पुरतो. माझ्या आईचे गुडघे दुखतात. वॅगनारची उंची १६७५ मिलिमीटर, टियागोची १५३५. या एकशेचाळीस मिलिमीटरचा अर्थ आईने एका क्षणात दाखवला. वॅगनारमध्ये ती खुर्चीवर बसावं तशी सरळ बसली, नऊवारीचा काठही गोळा करावा लागला नाही. टियागोत आधी डोकं वाकवून, मग दाराला धरून, मग "हात दे रे" म्हणत ती खाली बसली, आणि उतरताना दोघांनी धरावं लागलं. ज्या घरात म्हातारं माणूस आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं असतं, तिथे या एका कारणावरून वॅगनार घेतली तरी मी ती निवड बरोबर म्हणेन. तिची डिक्कीही ३४१ लिटरची आहे, टियागोची २४२ ची. माहूरला देवीच्या दर्शनाला मुक्कामाने जायचं तर हा फरक दिसतो. रुंदीत मात्र टियागो थोडी पुढे, १६७७ मिलिमीटर विरुद्ध १६२०, म्हणून मागे तिघं बसल्यावर खांद्याला खांदा कमी घासतो.

म्हणून शोरूमच्या पोराला विचारण्याआधी घरातली सगळी माणसं घेऊन जा. आमच्याकडे गाडी पाहायला बाप्ये जातात आणि बायका, म्हातारी माणसं एकदम पूजेच्या दिवशी गाडीत बसतात. हे उलट व्हायला हवं. ज्याला बसायला सगळ्यात जास्त त्रास होतो त्याला सगळ्यात आधी बसवा, आणि तेही फरशीवर उभ्या गाडीत नको, रस्त्यावर चालत्या गाडीत, मागच्या सीटवर.

एवढं असून मी टियागो घेतली. कारण महामार्ग.

हा रस्ता अरुंद, खड्ड्यांचा होता तेव्हा अपघात व्हायचे, पण वेग बेताचा असायचा. चौपदरी झाल्यापासून वेग वाढला. रस्त्याच्या कडेची गावं, त्यांचे फाटे, त्यांची जनावरं मात्र जागच्या जागी आहेत. उलट्या बाजूने येणारी दुचाकी, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली, आणि संध्याकाळनंतर रानातून एका उडीत रस्त्यावर येणारी रोही. रोही म्हणजे नीलगाय. मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे भरतो. छोट्या गाडीच्या बॉनेटने पाय उडवले, की ते वजन थेट काचेवर येतं. आमच्या भागात रात्रीचं अप-डाऊन करणाऱ्या प्रत्येकाकडे रोहीची एक तरी हकिकत असते. काहींच्या घरी ती सांगायला माणूस राहिलेला नाही.

म्हणून धडक चाचणीचे निकाल मी बसून वाचले, आणि ते नीट वाचायला शिकणं हेही काम आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१९ मध्ये वॅगनारला मोठ्यांच्या सुरक्षेत २ स्टार दिले, जानेवारी २०२० मध्ये टियागोला ४. दोन्ही चाचण्या जुन्या नियमांच्या होत्या, म्हणून त्यांची तुलना करता येते. तरी त्यात एक गोष्ट लक्षात घ्यायची: चाचणीतल्या वॅगनारला एअरबॅग फक्त चालकाची होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये वॅगनारची पुन्हा चाचणी झाली आणि १ स्टार मिळाला. तो नव्या, कडक नियमांचा निकाल आहे, त्यात बाजूने बसणारी धडकही मोजतात. तो एक स्टार टियागोच्या जुन्या चारांशेजारी ठेवून "बघा, एक आणि चार" असं सांगणारे भेटतात. ते बरोबर नाही. २०२५ मध्ये मारुतीने वॅगनारला सहा एअरबॅग सरसकट दिल्या, तेही तिच्या बाजूने धरायला हवं. पण एअरबॅग आणि सांगाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडकेत माणसाभोवतीचा पिंजरा टिकला तरच पिशवीला काम करायला जागा उरते. २०१९ च्या चाचणीत वॅगनारचा सांगाडा अस्थिर ठरला होता. शेवटी ज्या वेगाने माझ्या बायकोला आणि पोरांना घेऊन मी महामार्गावर जातो, त्या वेगाचा विचार करून मी चार स्टारांकडे गेलो. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे. तुम्ही घेताय त्या गाडीचा निकाल तिथे आहे का, कोणत्या साली तयार झालेल्या गाडीचा आहे, हे बुकिंगच्या आधी पाहा.

स्टार मोजून झाल्यावर मागच्या सीटचा बेल्ट लावायचा राहिला, तर ते सगळे स्टार पुढच्या दोघांपुरते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते भक्कम, महागड्या गाडीत. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते आणि ते दोघंच दगावले. आमच्याकडे मागच्या सीटचे बेल्ट सीट कव्हर बसवताना कव्हराखाली गाडले जातात. मी कव्हरवाल्याला समोर उभं राहून बेल्टची कुलपं वर काढायला लावली. तुम्हीही लावा. आणि पुढच्या सीटला बाजूच्या एअरबॅग असतील तर साधं आवळ कव्हर घालूच नका, पिशवीला फुटायला वाट राहत नाही.

हेडलाइट कोणी तपासत नाही, कारण गाडी पाहायला सगळे दुपारी जातात. मी दिवस मावळल्यावर गाडी चालवायला मागितली. आधी नाही म्हणाले, मग दिली. डिपर मारून, अप्पर लावून, कडेच्या झाडीत उजेड किती जातो ते पाहा. रोही समोरून येत नाही, कडेने येते.

आता अ‍ॅव्हरेज. पहिला प्रश्न हाच असतो म्हणून त्याचा हिशोब मांडूनच दाखवतो. कंपनीच्या कागदावर वॅगनारचं एक लिटरचं इंजिन २४ च्या पुढे जातं, टियागो २० च्या आसपास. हे आकडे ठरावीक चाचणीतले आहेत. एसी लावून, चार माणसं घेऊन, फाट्याच्या रस्त्याने कोणतीच गाडी तेवढं देत नाही. धरून चालू, की प्रत्यक्षात एक २० देते आणि दुसरी १७. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्याला एकीत ६०० लिटर लागेल, दुसरीत सुमारे ७०६. लिटरला १०५ रुपये धरले तर फरक वर्षाला अकरा हजारांचा, महिन्याला नऊशेच्या आसपास. अप-डाऊनवाल्याला हा फरक जाणवतो, पण घर बुडवत नाही. आणि ज्याची गाडी लग्नं, दवाखाना, नांदेडची खरेदी मिळून वर्षाला पाच हजार किलोमीटरच्या वर जात नाही, त्याला हा फरक साडेचार-पाच हजारांचाच पडतो. मग त्याने अ‍ॅव्हरेजवर गाडी का ठरवावी? माझ्या एका नातेवाइकाने तेवढ्याचसाठी सीएनजीची गाडी घेतली. त्याचं चालणं कमी, आणि पंप त्याच्या रोजच्या वाटेवर नाही. रांगेत थांबायला म्हणून वेगळं जावं लागतं, आणि डिक्कीतल्या टाकीमुळे वडिलांची घडीची खुर्ची मागच्या सीटवर ठेवावी लागते. टियागोने २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीच्या जागी दोन लहान टाक्या डिक्कीच्या तळाशी बसवल्या, त्याने जागेचा प्रश्न बराच सुटला. वॅगनारच्या सीएनजीत डिक्की जवळपास जातेच. सीएनजी वाईट नाही, रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याने तीच घ्यावी. फक्त आधी पंपावर सकाळी आणि संध्याकाळी स्वतः जाऊन रांग बघून या.

इंजिनाची तुलना करताना बरेच जण दोन वेगळ्या मापांची इंजिनं समोरासमोर ठेवतात. वॅगनारमध्ये दोन इंजिनं मिळतात: ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं, ताकद ६७ पीएसच्या आसपास, आणि ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं, ९० च्या आसपास. टियागोचं ११९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ८६ च्या आसपास. लहान इंजिनाची वॅगनार आणि टियागो यांची किंमत शेजारी ठेवून "ही स्वस्त" म्हणायचं आणि मग माहूरच्या चढाला पाच जण बसवून एसी बंद करावा लागला की गाडीला नावं ठेवायची, असं होऊ देऊ नका. महामार्गावर ट्रकला ओलांडताना ताकद लागते ती त्याच क्षणी लागते. मोठ्या इंजिनाची वॅगनार चालवायला फार गुळगुळीत आहे, उभ्या गाडीत टियागोपेक्षा थरथर कमी, हे मान्य करतो. वजनाने टियागो शंभर किलोंहून जड. उघड्या माळावर बाजूने वारा आला की तिचं जड असणं आवडतं, उंच वॅगनारला तो वारा जास्त लागतो.

सर्व्हिसिंगच्या बाबतीत तालुक्याचं गाव आणि शहर यांत फरक आहे. हदगावहून नांदेड साठ-सत्तर किलोमीटर. कंपनीच्या वर्कशॉपला गाडी टाकायची म्हणजे एक रजा. आमच्याकडच्या मेकॅनिकांचा हात पिढ्यान्पिढ्या मारुतीवर बसलेला आहे. १९८३ ला ८०० आली तेव्हापासून. वॅगनारचं छोटंमोठं काम बाजारपेठेतल्या गॅरेजात होऊन जातं. टियागो घेतली तर नांदेडच्या फेऱ्या आधीच धरून चाला, आणि वॉरंटी असेपर्यंत बाहेर वायरीला कोणाला हात लावू देऊ नका. जादा हॉर्न, फोकस दिवे, गाण्याचं मशीन यांसाठी कापलेली एक वायर वॉरंटीच्या दाव्यात आडवी येते. पहिल्या काही सर्व्हिसिंग फुकट म्हणतात त्या मजुरीपुरत्या. तेल, फिल्टरचे पैसे लागतात.

दोन गोष्टी कोणतंच माहितीपत्रक सांगत नाही. एक चिखल. काळा चिखल चाकाला नुसता लागत नाही, थरावर थर बसतो आणि मडगार्डच्या आत घट्ट होतो. तसाच वाळू दिला तर चाक वळवताना आतलं प्लास्टिकचं अस्तर ओरबाडून निघतं. पावसाळ्यात शेतातून आलं की चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आत पाण्याचा फवारा मारायचा, सकाळची वाट बघायची नाही. दुसरी उंदरं. सोयाबीन, हरभऱ्याची पोती जिथे असतात तिथे गाडी लावली की इंजिनच्या उबेला उंदीर येणारच, आणि तो वायरी कुरतडतो. धान्याच्या खोलीपासून गाडी दूर लावा, आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून पाहा. अशा नुकसानीला वॉरंटी लागू होत नाही. विम्यात येतं का हे पॉलिसी घेतानाच विचारा.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि वरचा उपकर जाऊन १८ टक्के झाला, म्हणून शेजाऱ्याने आधीच्या साली दिलेला आकडा धरून सौदा करू नका. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात रस्ता कर ११ टक्के आहे. ऑनरोडच्या कागदावर तो तेवढाच आहे का ते स्वतः गुणून पाहा. कागदात 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ असेल तर ती कशाची, असं सरळ विचारा आणि काढायला लावा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा दर आणून समोर ठेवला की आतला दर बहुतेक वेळा खाली येतो. नव्या गाडीचा त्रयस्थ विमा तीन वर्षांचा एकदम असतो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मात्र दर वर्षी नवा करता येतो. तो लक्षात ठेवून वेळेत करा. जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर 'नो क्लेम बोनस' हा गाडीचा नसून तुमचा असतो. दावा न केलेल्या वर्षांप्रमाणे तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या विम्यात स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यातून वजा करून मिळतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा.

निवघ्याच्या माझ्या चुलतभावाला मी वॅगनार घ्यायला सांगितलं, मोठ्या इंजिनाची. त्याचं फिरणं शेत, बाजार आणि हदगावपुरतं, वेग चाळीसच्या वर जात नाही, आणि काका-काकू दोघांचं वय झालेलं. माझ्या शाळेतल्या एका मॅडम रोज नांदेडहून येतात, त्यांना टियागो सुचवली. कोणी मधलं उत्तर मागतं तेव्हा मी विचारतो, रात्रीचा महामार्ग आठवड्यातून किती वेळा? त्यावर ठरवा.

आणि दसऱ्याला गाडी आणायची असेल तर ती आदल्या दिवशी, उजेडात, जाऊन तपासा. दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये हार, पेढे आणि फोटोची घाई असते, कोणाला थांबायला वेळ नसतो. चेसीस नंबर कागदाशी जुळवा. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे वाचा. दारांच्या कडा आणि बंपरचा रंग उन्हात पाहा. स्टेपनी खाली काढायला लावा, हवा मोजा, जॅक आणि पाना जागेवर आहेत का ते हात घालून पाहा, आणि पूजेच्या आधी एकदा स्वतःच्या हाताने एक चाक उतरवून पुन्हा बसवा, घरात जो जो गाडी चालवणार त्याच्याकडूनही बसवून घ्या.